भावी शिक्षकांना बालसाहित्य परके का वाटते?

अध्यापकाचार्या, खानदेश

नमस्कार. मी खानदेशातील एका अध्यापक विद्यालयात गेली अकरा वर्षे मराठीचे अध्यापन शिकवते. प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या, बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डी.एल.एड. अभ्यासक्रमाला आमच्याकडे येणारी मुलेमुली बहुतेक शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या किंवा छोट्या दुकानदारांच्या घरांतली असतात. ती कष्टाळू असतात आणि लहान मुलांविषयी त्यांच्या मनात खरी माया असते. म्हणूनच पुढचा प्रश्न मला अधिक खुपतो.

यंदा प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना कोऱ्या कागदावर, नाव न घालता, दोन गोष्टी लिहायला सांगितल्या. पाठ्यपुस्तकाबाहेरचे, लहानपणी वाचलेले आणि अजून आठवणारे एखादे पुस्तक कोणते, ही पहिली. आणि बालसाहित्य कशासाठी असते असे तुम्हाला वाटते, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाखाली बहुतेकांनी ‘श्यामची आई’ लिहिले, काहींनी इसापनीती लिहिली आणि बऱ्याच जणांनी जागा कोरी सोडली. नंतर सावकाश बोलताना लक्षात आले की ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी ते पुस्तक हातात घेतलेलेच नव्हते. पाठ्यपुस्तकातला उतारा आणि दूरदर्शनवर पाहिलेला चित्रपट एवढीच त्यांची ओळख होती. दुसऱ्या प्रश्नाखाली मात्र एकही जागा कोरी नव्हती. संस्कार, मूल्यशिक्षण, शब्दसंपत्ती, शुद्धलेखन, मोबाइलपासून सुटका, अशी उत्तरे भराभर लिहिली गेली होती. ‘मजा’ हा शब्द सगळ्या गठ्ठ्यात एकाच कागदावर सापडला.

याच वृत्तीचे प्रत्यक्ष रूप सरावपाठात दिसते. गेल्या वर्षी एका छात्राध्यापिकेने दुसरीच्या वर्गात हरवलेल्या कोंबडीची एक चित्रकथा वाचून दाखवली. वर्ग अगदी तल्लीन झाला होता. गोष्ट संपताच तिसऱ्या रांगेतल्या मुलाने विचारले, “मग ती कोंबडी रात्री कुठं झोपली?” आमची विद्यार्थिनी गडबडली आणि म्हणाली, “ते पुस्तकात दिलेले नाही. आता गोष्टीचे तात्पर्य कोण सांगेल?” मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन मीच बसले होते, आणि तिच्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘तात्पर्य’ हा रकाना आम्हीच आखून दिलेला होता.

बालसाहित्याचे महत्त्व या विषयावर मी दरवर्षी व्याख्यान देते. आमचे विद्यार्थी ते नीट उतरवून घेतात, परीक्षेत चांगले लिहितात आणि वर्गावर गेल्यावर पुन्हा तात्पर्यावरच येतात. ही त्यांची अनास्था म्हणावी, अपरिचय म्हणावा, की प्रशिक्षणानेच लावलेली सवय म्हणावी? ज्यांनी भावी शिक्षकांबरोबर किंवा नव्या शिक्षकांबरोबर काही केले आहे आणि ज्याचा परिणाम खरोखर दिसला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातपुड्याचा शिक्षक

मॅडम, मी धडगाव परिसरातील जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. आमच्याकडे दरवर्षी आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, छात्राध्यापक येतात, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेला प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. माझ्या मते या मुलांना बालसाहित्य आवडत नाही असे नाही. त्यांना ते एकाच ठिकाणी भेटलेले असते, आणि ते ठिकाण म्हणजे परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मग बोधकथा. पहिलीपासून सातवीपर्यंत रोज सकाळी उभे राहून जी गोष्ट ऐकायची, तिच्या शेवटी ‘तात्पर्य’ हा शब्द आला की रांगेने वर्गात जायचे. इतकी वर्षे हे केल्यावर गोष्ट म्हणजे बोधाला बांधलेली दोरी, असेच मनात बसणार. त्यांना दोष देताना आपण ही सात वर्षे विसरतो.

दुसरे कारण कपाटाचे आहे, आणि ते प्रशिक्षणापेक्षा शाळेशी अधिक संबंधित आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. म्हणजे पुस्तके अगदीच नाहीत असे नाही. पण पुस्तक साठा नोंदवहीत चढले की ते मुख्याध्यापकाच्या चार्जमध्ये येते, फाटले किंवा हरवले तर बदलीच्या वेळी चार्ज देताना त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि मग सर्वांत सुरक्षित उपाय कुलूप हाच ठरतो. आंतरवासितेला आलेला तरुण शिक्षक पहिल्या दिवशी जे शिकतो ते हेच, की पुस्तक जपायचे असते. ते वाचून झिजवायचे असते, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

आमच्या शाळेत सहा वर्षांपूर्वी मी केंद्रप्रमुखांशी बोलून सत्तर-ऐंशी पुस्तके वर्गात दोरीवर टांगली. पहिल्या वर्षी अकरा पुस्तके फाटली आणि चार गेली ती गेलीच. फाटलेली आम्ही चिकटपट्टीने जोडली. ज्या पुस्तकांना सर्वांत जास्त पट्ट्या लागल्या, तीच मुलांची सर्वांत आवडती होती, आणि पुढच्या वर्षी खरेदी करताना मला त्याच पट्ट्यांचा उपयोग झाला.

त्या वर्षी आलेल्या छात्राध्यापकांपैकी एकाला मी पाठ घेऊच दिला नाही. त्याला सांगितले की आठ दिवस तू फक्त दोरीजवळ बसायचे, मूल पुस्तक घेऊन आले तर वाचून दाखवायचे आणि स्वतःहून एकही प्रश्न विचारायचा नाही. आमची मुले घरी पावरी बोलतात. पहिलीत आलेल्या मुलाला पुस्तकी मराठी परकीच असते. तो छात्राध्यापक जळगावकडचा, त्याला पावरीचा एक शब्द येत नव्हता. तिसऱ्या दिवशी पहिलीतली एक मुलगी शब्द नसलेले, केवळ चित्रांचे पुस्तक घेऊन त्याच्याजवळ आली, आणि त्यात वाचून दाखवण्यासारखे काहीच नसल्यामुळे तो गप्प बसला. मग तिनेच बोट ठेवत ठेवत आपल्या भाषेत गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती जवळजवळ दहा मिनिटे बोलत होती. वर्गात मराठीत एका शब्दाचे उत्तर न देणारी ती मुलगी होती. संध्याकाळी तो मला म्हणाला, “सर, मला वाटत होतं तिला काही येत नाही.” त्यानंतर बालसाहित्याच्या महत्त्वाविषयी मला त्याच्याशी एक वाक्यही बोलावे लागले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की आंतरवासितेतले पहिले काही दिवस पाठांच्या संख्येतून मोकळे ठेवावेत. पाठ मोजले जातात तोपर्यंत पुस्तक हे पाठाचे साधनच राहते.

द्वितीय वर्ष, डी.एल.एड.

मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. वरील दोन्ही लेखन वाचून मला आमच्या बाजूनेही काही सांगावेसे वाटले, म्हणून धाडस करून लिहीत आहे.

मॅडम, आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेचे पुस्तक, आणि ते वर्ष संपले की धाकट्या भावंडाला जायचे. गोष्टी मात्र भरपूर होत्या. माझी आजी उन्हाळ्यात अंगणात झोपताना अहिराणीत गोष्टी सांगायची. त्यांत राक्षस असायचे, सावत्र आई असायची, हुशार कोल्हा असायचा आणि कधी कधी अशी माणसे असायची ज्यांना वाईट वागूनही शिक्षा होत नसे. ते बालसाहित्य आहे असे मला कधी वाटलेच नाही, कारण ते छापलेले नव्हते आणि आमच्या भाषेत होते. तुमच्यासारख्या एखाद्या मॅडमनी तो कागद मला दिला असता तर मीही जागा कोरीच सोडली असती.

दुसरी गोष्ट परीक्षांची. डी.एल.एड. झाले म्हणजे नोकरी लागते असे नाही. आधी शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, तीत १५० प्रश्न: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३०. ती उत्तीर्ण झाल्यावर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. आमच्या खोलीत चार मुली राहतात आणि चौघींच्या उशाशी याच परीक्षांचे ठोकळे असतात. मुलांना गोष्ट वाचून दाखवता येते का, हे पर्यायी उत्तरांच्या प्रश्नातून कोणी तपासू शकत नाही, म्हणून त्यासाठी वेळ काढणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे, असे वाटू लागते. बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची नावे आम्हाला पाठ आहेत. नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ ची, हेही पाठ आहे. पण गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला पहिल्या दिवसांत फक्त गोष्ट सांगतो, आणि पुढे सगळ्यांनी तीच ती पाठ्यपुस्तके विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून वर्गासाठी गोष्टींची पुस्तके आणवतो, हे मला यंदा प्रत्यक्ष पुस्तक वाचल्यावरच कळले. प्रश्नसंचात ते एका ओळीचे उत्तर होते.

आणि तिसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो. लहान मुलांचे पुस्तक वर्गासमोर मोठ्याने वाचताना आम्हाला लाज वाटते. वाघाचा आवाज काढायचा, थांबायचे, पान उलटण्याआधी मुलांच्या चेहऱ्याकडे पाहायचे, हे सगळे मागे बसलेल्या निरीक्षकांसमोर करायचे असते. ‘आदर्श वाचन’ असे टाचणात लिहिलेले असते, त्यामुळे आम्ही स्पष्ट उच्चारात, विरामचिन्हे सांभाळून, बातम्या दिल्यासारखे वाचतो. आम्हाला आजवर कोणी असे पुस्तक वाचून दाखवलेलेच नाही. त्यात काय करायचे असते, हे आम्हाला कळणार कसे?

जुन्या मासिकांचा वाचक

वरील विद्यार्थिनीचे शेवटचे वाक्य या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि ते केवळ खानदेशापुरते नाही. अमेरिकेतील अँथनी आणि मेरी अ‍ॅपलगेट यांनी २००४ मध्ये भावी शिक्षकांच्या वाचनवृत्तीवर एक लेख लिहिला. त्यांनी पाहिलेल्या भावी शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना स्वतःलाच वाचनात रस नव्हता. जे आपल्याजवळ नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, या अर्थाने त्यांनी या स्थितीला बायबलमधल्या पीटरचे नाव दिले. इंग्लंडमध्ये २००६-०७ च्या सुमारास टेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,२०० प्राथमिक शिक्षकांना मुलांसाठी लिहिणारे सहा लेखक, सहा कवी आणि सहा चित्रपुस्तककार यांची नावे विचारली. लेखकांची नावे पुष्कळांना आली, पण जवळजवळ एकचतुर्थांश शिक्षकांना एकाही चित्रपुस्तककाराचे नाव सांगता आले नाही. ज्या देशात गल्लीतल्या ग्रंथालयातही बालविभाग असतो तिथली ही अवस्था आहे. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी जागा कोरी सोडली म्हणून त्यांच्याविषयी फार कठोर होण्याचे कारण नाही.

सातपुड्याच्या सरांचे परिपाठाविषयीचे निरीक्षण मला पटते, परंतु त्याची मुळे परिपाठाहून बरीच जुनी आहेत. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके आली तीच शाळेच्या पोटी आणि भाषांतराच्या मार्गाने आली. सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीचे भाषांतर ही दोन्ही १८२८ सालची. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले, तेव्हा त्या नावातच ‘बोध’ होता. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये आपल्या मासिकाचे नाव ‘आनंद’ ठेवले, हा बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो. तो केवळ नावापुरता राहिला नाही. पुढे मराठीत निखळ गंमतीची, भुताखेतांची, धाडसाची आणि शब्दांशी खेळणारी बालकविता व बालकथा उत्तम प्रतीची लिहिली गेली. अध्यापक विद्यालयात मात्र आपण बहुधा ‘बालबोध’पाशीच थांबलो आहोत.

साने गुरुजींविषयी एक मुद्दा मांडतो, कारण तुमच्या विद्यार्थ्यांनी त्यांचेच नाव सर्वाधिक लिहिले आहे. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती संस्कारांचे पुस्तक म्हणूनच सांगितली जाते. पण त्याची रचना पाहा: रात्र पहिली, रात्र दुसरी. रोज रात्री थोडे थोडे सांगायचे आणि ऐकणाऱ्याने उद्याची वाट पाहायची, अशी ती आहे. हे लिहिणारा माणूस अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होता आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी तो स्वतःच्या हाताने रोज एक दैनिक लिहून काढत असे. तुमचे विद्यालय खानदेशात आहे. शिक्षकाने मुलांसाठी रोज काहीतरी लिहावे वा सांगावे, ही त्या भूमीतलीच परंपरा आहे. पुस्तकातला उतारा देऊन ‘मातृप्रेम’ हे मूल्य लिहून घेण्यापेक्षा, एक रात्र एका दिवशी या क्रमाने ते वर्गात मोठ्याने वाचून पाहावे, असे मी सुचवीन.

एका बाबतीत सावधगिरीचे मत नोंदवतो. लहान वयातच मुलांना वाचन-लेखन आणि गणित यावे यासाठीचे निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून वाचनकोपरे वाढले आहेत, गोष्टींचे कार्ड आले आहेत, ते चांगलेच आहे. परंतु त्यातून गोष्ट म्हणजे वाचनाचा वेग मोजण्याचे साधन, असा आणखी एक रकाना टाचणात वाढू नये. तात्पर्याच्या जागी ‘मिनिटाला किती शब्द’ आले, तर छात्राध्यापकाचा दृष्टिकोन बदलला असे मी म्हणणार नाही.

पुस्तकांसाठी खर्चाची अडचण असेल तर ‘किशोर’चा विचार करावा. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पन्नास वर्षांतले कोणतेही चार अंक घेऊन त्यांतली चित्रे, विनोद, कोडी आणि गोष्टी विद्यार्थ्यांनी आपसांत वाचाव्यात आणि कोणती गोष्ट कोणत्या इयत्तेला वाचून दाखवावीशी वाटते यावर वाद घालावा. असा वाद मी एका शिक्षक गटात ऐकला आहे. एका भुताच्या गोष्टीवरून दोन तास चर्चा झाली. अंधश्रद्धा वाढेल असे म्हणणारे आणि भीतीचीही एक मजा असते असे म्हणणारे, दोघेही तळमळीने बोलत होते. बालसाहित्याविषयी मत असणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसले.

अध्यापकाचार्या, खानदेश

आपणा तिघांचे मनापासून आभार. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीचे लेखन मी तीन वेळा वाचले. अकरा वर्षांत मी एकदाही माझ्या विद्यार्थ्यांना एखादे मुलांचे पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलेले नाही, हे ते वाचताना ध्यानात आले. व्याख्यानात उदाहरण म्हणून चार ओळी वाचल्या असतील, तेवढेच.

मी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. सोमवारपासून माझ्या तासाची पहिली दहा-बारा मिनिटे मी वाचणार आहे, त्यावर कोणताही प्रश्न विचारणार नाही आणि कोणालाही वहीत काही लिहू देणार नाही. पहिल्या महिन्यानंतर वाचण्याची पाळी विद्यार्थ्यांची असेल, आणि तेव्हा मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसणार नाही, त्यांच्यात सतरंजीवर बसेन. टाचणातला ‘तात्पर्य’ हा रकाना गोष्टीच्या पाठापुरता काढून टाकावा आणि त्या जागी ‘मुलांनी विचारलेले प्रश्न’ असा रकाना ठेवावा, असा प्रस्ताव मी आमच्या प्राचार्यांपुढे मांडणार आहे. तो मान्य होईलच असे नाही, कारण गुणदानाचा तक्ता त्या रकान्याशी जोडलेला आहे. पण अंतर्गत गुण आमच्या हातात असल्यामुळे निदान या वर्षी प्रयोग म्हणून करता येईल.

आजीच्या गोष्टींचा मुद्दाही मी धरून ठेवला आहे. पुढच्या वर्षी कागद देताना ‘पुस्तक’ असा शब्द न वापरता ‘लहानपणी ऐकलेली किंवा वाचलेली गोष्ट’ असे विचारीन, आणि ज्यांना हवे त्यांनी अहिराणीत, पावरीत, भिलोरीत लिहावे असे सांगेन.

सर, एक विनंती आहे. जानेवारीत आमच्या द्वितीय वर्षाची आंतरवासिता आहे. त्यातल्या दोघी-तिघींना आपल्या शाळेत आठ दिवस पाठांविना दोरीजवळ बसू द्याल का? पाठांच्या संख्येचे मी इकडे पाहून घेते.

सातपुड्याचा शिक्षक

अवश्य पाठवा, मॅडम. राहण्याची सोय गावात माझ्या घराशेजारी होईल, फक्त जानेवारीत इथे थंडी फार असते, म्हणून पांघरुणे जाडच आणावीत. शनिवारी सकाळची शाळा असते. सोमवार हा आठवडी बाजाराचा दिवस असल्याने त्या दिवशी मुले कमी येतात, तेव्हा त्यांनी मंगळवारी यावे. येताना प्रत्येकीने स्वतःला आवडलेले एकच पुस्तक आणावे, मोठ्या आकाराचे असेल तर उत्तम, कारण पहिली-दुसरीची मुले एकत्र जमिनीवर बसतात आणि मागच्यांना चित्रे दिसली नाहीत तर ती सरळ उठून पुढे येतात. ते पुस्तक परत नेता येईल याची खात्री मी देत नाही, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवा.